साकु मगा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, जनगणनेच्या कामावर हिंडताना, एका म्हातारीनं उंबऱ्यावर बसल्या बसल्या योगीराजची अठरा वर्षं उलटीपालटी करून टाकली, आणि तिला त्याचा पत्ताही लागला नाही. गुलबर्ग्यात ब्रह्मपूरच्या मागच्या अंगाची ती गल्ली. सकाळचे दहा वाजलेले, नळाला पाणी आलेलं, त्यामुळे गणतीवाल्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. दोन हजार अकराच्या या गणतीला मास्तरमंडळींना झाडून जुंपलं होतं, आणि योगीराज तर हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर, म्हणजे अशा कामांना पहिला हक्काचा माणूस. त्याचा तास बुडाला तरी कुणाचं काही बुडत नाही अशी हेडमास्तरांची खात्री होती. म्हातारीनं स्वतःचं नाव सांगितलं, वय अंदाजानं सांगितलं. घरात दुसरा कोण, तर मडिवाळप्पा, वय तीस, डाळमिलमध्ये कामाला. "हा तुमचा कोण?" योगीराजनं कन्नडमध्ये विचारलं. म्हातारीनं तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात सारली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "साकु मगा." योगीराजनं पेन्सिल खिशाला लावली, फॉर्म मिटला, पिशवी खांद्याला अडकवली आणि तो चालू लागला. चार पावलं गेला असेल नसेल, मागून म्हातारी ओरडली, "एल्ली होंट्री? बरकोरी!" कुठं निघालात, लिहून घ्या की. तो वळला, आणि आपण कशाला निघालो होतो हे त्याचं त्यालाच कळेना. "साकु मगा री," म्हातारीनं बहिऱ्याला सांगावं तसं पुन्हा सांगितलं, "हडदिल्ला, साकीनी." पोटचा नाही, पाळलाय. योगीराजनं मान हलवली आणि 'मुलगा' असं लिहिलं.

शब्द काही नवा नव्हता. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे, तसंच साकु म्हणजे पाळणं, वाढवणं. मगा म्हणजे मुलगा. साकु मगा म्हणजे पाळलेला मुलगा. इतकी वर्षं गुलबर्ग्यात काढलेल्या, कन्नडमध्ये भाजी घेणाऱ्या, कन्नडमध्ये भांडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणार का? ठाऊक होतं. पण तो शब्द आणि तो दिवस कधी एकमेकांच्या समोर आले नव्हते. दोघं एकाच डोक्यात, दोन खोल्यांत राहत होते. आणि आज म्हातारीचा तो घोगरा आवाज, गालातली तंबाखू, शेवटच्या अक्षरावर दिलेला तो जोर, सगळं इतकं हुबेहूब वीरण्णासारखं होतं की डोक्याआधी पायांनीच ऐकलं. पाय अठरा वर्षांपूर्वी जसे निघाले होते तसेच आजही निघाले.

वीरण्णा म्हणजे हुमनाबादचा वीरण्णा पेंटर. हैदराबाद-पुणे रस्त्याला लागून लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायचं एक मोठं शेड होतं, तिथं तो लॉरीची फक्त पाठ रंगवायचा. पुढचं तोंड, बाजू, नंबर, नाव हे इतरांनी करावं. मागचा फाळका वीरण्णाचा. फाळक्यावर गाय-वासरू, मोर, कमळ, क्वचित वाघ. सोलापूरपासून हैदराबादपर्यंतचे ड्रायव्हर पुढे चाललेल्या लॉरीची गाय बघून म्हणायचे, ही हुमनाबादची. योगीराज कमलनगरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप लिंगाप्पा. कळपातली आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा एक ठपका मारायचा असतो. लहानपणी योगीराजनं ठपक्याच्या जागी पाकळ्यांचं फूल काढलं होतं, चाळीस मेंढरांवर चाळीस फुलं, आणि बापाच्या हातचा मारही खाल्ला होता, कारण बाजारात लोक लिंगाप्पाला विचारायला लागले की मेंढरं विकायलास का लग्नाला न्यायलास. एकविसाव्या वर्षी बारावी दोनदा नापास झाल्यावर तो हुमनाबादच्या स्टँडवर उतरला आणि वीरण्णाच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला. वीरण्णानं त्याला काही विचारलं नाही. हातात पॉलिश पेपर दिला आणि फाळका घासायला लावला. तीन महिने तो नुसता फाळके घासत होता.

वीरण्णाचं मराठी हा त्या शेडमधला चेष्टेचा विषय होता. त्याला मराठी यायचं, कामापुरतं, पण मराठी शब्द असा मध्येच व्यंजनावर तुटतो हे त्याला सहन व्हायचं नाही. कन्नड माणूस, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक स्वर चिकटवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. काम म्हणजे कामा, रंग म्हणजे रंगा, मग म्हणजे मगा. "आदी कामा, मगा चहा." "ब्रशा धू, मगा जेव." योगीराजला त्या वेळी कन्नड जेमतेम यायचं: बा, होगु, नीरु, साकु, म्हणजे ये, जा, पाणी, पुरे. चहा ओतताना साकु म्हणायचं, भाकरी वाढताना साकु म्हणायचं. दोघांचं मिळून एक बोलणं तयार झालं होतं, अर्धं याचं, अर्धं त्याचं, आणि जिथं शब्द संपायचे तिथं वीरण्णा हातातला ब्रश काढून घ्यायचा आणि स्वतः करून दाखवायचा. तेच त्याचं शिकवणं. योगीराजला ते दिवस आठवले की आधी वास आठवायचा, टर्पेंटाइनचा आणि तापलेल्या पत्र्याचा, आणि मग मनगटातली ती जाणीव, की रंग बरोबर पातळ झाला असेल तर ब्रश आपण ओढत नाही, तो आपला आपण चालतो, आपण फक्त त्याच्याबरोबर जायचं. असं सुख त्याला पुढे कशातच मिळालं नाही. लग्नातही नाही, हे तो जगदेवीला, म्हणजे बायकोला, अर्थातच कधी बोलला नाही.

आणि मग त्र्याण्णवचा मे महिना. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षीचा उन्हाळा. पहिल्यांदाच एक आख्खा फाळका वीरण्णानं त्याच्यावर सोपवला होता. गिऱ्हाइकाला वाघ हवा होता. योगीराज चार दिवस त्या वाघावर होता. जेवणाचं भान नव्हतं, गौरम्मानं, वीरण्णाच्या बायकोनं, पाठवलेला डबा तसाच परत जायचा. चौथ्या दिवशी दुपारी पांढऱ्या कपड्यातला एक जाड माणूस शेडमध्ये आला आणि वीरण्णाशेजारी उभा राहून वाघाकडे बघू लागला. हवा मारायचं मशीन चालू होतं, त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. नुसती दोघांची तोंडं हलताना दिसत होती. योगीराज वाघाच्या मिशा काढत होता आणि कानानं मागचा अंदाज घेत होता. एवढ्यात मशीन बंद झालं. एकदम सगळं शांत. आणि त्या शांततेत वीरण्णाचा आवाज आला, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा. "साकु मगा."

पुरे मग. बस्स झालं आता. योगीराजनं वळून पाहिलं. वीरण्णाची नजर वाघावर होती, कपाळाला आठी होती. तो पांढरे कपडेवाला हसत होता. योगीराजनं ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला, अंगावरचा मळका शर्ट काढून खुंटीवरचा आपला शर्ट घातला, आणि स्टँडवर गेला. कुणी हाक मारली नाही. निदान त्याला तरी ऐकू आली नाही. भालकीपर्यंत बसमध्ये तो रडला, आणि भालकीच्या पुढे रडणं थांबलं तेव्हा त्याचं ठरून गेलं होतं: आपण चांगले नाही. ज्याला कळतं त्यानं बघितलं आणि पुरे म्हटलं. याच्यावर अपील नाही.

पुढचं सगळं या एका वाक्यावर रचलेलं. चित्रकला शिक्षकाचा कोर्स, संस्थेतली नोकरी, जगदेवी, सेडम रोडला दोन खोल्या. चांगलं चाललं होतं. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त चित्र तेवढं पुरं होत नव्हतं. रविवारी कागद लावायचा, सुरुवात झोकात व्हायची, आणि अर्ध्यावर आलं की मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं त्याला वाटायचं. मग तो स्वतःच ब्रश ठेवून द्यायचा, दुसऱ्यानं म्हणायच्या आत. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत अशी पन्नासेक चित्रं होती. जगदेवी झाडताना एखादं काढून बघायची आणि म्हणायची, "ह्या बाईचे पाय कुठं गेले वो? का पायांची सुट्टी हाय?" तो हसायचा. वर्गात तर त्याहून गंमत. पोरांनी काहीही काढून आणलं की योगीराज म्हणायचा, छान. आंबा काढा म्हटल्यावर वांगं काढलं तरी छान. कुणाच्या वहीवर त्यानं इतक्या वर्षांत वाईट हा शब्द लिहिला नाही. पोरांना तो आवडायचा. चित्र मात्र त्याच्या हाताखालून गेलेल्या एकालाही यायचं नाही, हे त्यानं कधी स्वतःला विचारूनच घेतलं नव्हतं.

मास्तर. या मुलखात मास्तर कोण नाही? कपडे शिवणारा मास्टर, बँडवाला मास्टर, पोष्टातला मास्टर. गवंड्यांचा मुकादम मेस्त्री, लॉरीच्या क्लीनरला ड्रायव्हर म्हणजे उस्ताद. फाटक्या छत्रीला टाका घालणाऱ्यालाही लोक अदबीनं उस्ताद म्हणतात. योगीराजला हुकूमनाम्यावर सहीशिक्क्यानिशी मास्तर केलं होतं. एक वीरण्णा तेवढा नुसता पेंटर होता. त्याला कुणी उस्ताद म्हटलं तर तो आजूबाजूला बघायचा, कुणाला हाक मारली म्हणून.

दुपारी दीड वाजता योगीराज हुमनाबादच्या बसमध्ये बसला होता. गल्लीतली उरलेली सात घरं त्यानं कशीबशी उरकली, जगदेवीला फोन करून सांगितलं की हुमनाबादला जाऊन येतो. तिनं विचारलं, कामून? तो म्हणाला, एक शब्द विचारायचाय. ती म्हणाली, मग फोन करा की. पण वीरण्णाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. वीरण्णा आहे की नाही हेही त्याला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत दीड तासाच्या अंतरावर राहून त्यानं ते कधी विचारलं नव्हतं. हुमनाबाद आलं की तो बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायचा, शेडची बाजू टाळून. माणूस किती नेकीनं स्वतःला शिक्षा करतो! कोर्टानं दिलेलीसुद्धा इतकी नीट भोगत नसेल कुणी.

महागाव क्रॉसपर्यंत तो नुसता खुशीत होता. साकु मगा, पाळलेला मुलगा. तो पांढरे कपडेवाला विचारत असणार, हा पोरगा कोण? आणि वीरण्णानं सगळ्या शेडसमोर सांगितलं, माझा. ज्या वाक्यानं आपण मोडलो ते वाक्य हे होतं! वीरण्णाला मूलबाळ नव्हतं, हे तर सगळ्यांना माहीत. खिडकीबाहेर ज्वारी उभी होती, काही ठिकाणी काढणी लागली होती, आणि त्याला ती ज्वारीसुद्धा आपल्यावर खूश असल्यासारखी वाटत होती. मग त्यानं खात्री करून घ्यावी म्हणून तोंडातल्या तोंडात दोन्ही म्हणून बघितलं. साकु, मगा. साकुमगा. मध्ये थांबून एकदा, न थांबता एकदा. वीरण्णा मध्ये थांबला होता का? आठवेना. जितक्या वेळा म्हणावं तितकं ते दोन्हीकडं सारखंच जायला लागलं. कमलापूरला लाल केळ्यांचा घड घेऊन चढलेली बाई शेजारी बसली होती, ती त्याचं पुटपुटणं ऐकून जरा सरकून बसली.

कमलापूर सुटलं आणि त्याची खुशी ओसरली. कारण एक वेगळंच गणित त्याच्या समोर उभं राहिलं. वीरण्णानं हाकललं असेल तर दोष वीरण्णाचा, किंवा आपल्या हाताचा. दोन्ही आपल्या आवाक्याबाहेरचं. पण हाकललंच नसेल तर? तर मग ब्रश आपण ठेवला. शर्ट आपण बदलला. पेटीतल्या त्या बाईचे पाय आपण कापले. इतकी वर्षं ज्या दुखण्यावर नीट टेकून बसलो होतो ते दुखणंच काढून घेतलं तर बसायचं कशावर? आणि समजा उद्या कुणी म्हटलं, बरं, आता काढ चित्र, पुरं कर, तुला कुणी अडवलं नव्हतं, तर? खरं सांगायचं तर योगीराजला त्या क्षणी वाटलं, म्हातारीनं सांगितलं ते विसरून जावं, हुमनाबादला उतरून चहा प्यावा आणि आल्या बसनं परत जावं. तो उतरला. चहाही प्याला. पण परतीची बस समोर लागलेली असताना पाय वीरण्णाच्या गल्लीकडे वळले. आज सगळे निर्णय पायांनी घ्यायचे असं ठरलेलंच दिसत होतं.

शेड गेलं होतं. त्या जागी टायरचं दुकान, आणि त्याच्याशेजारी लॉरीच्या काचांवर चिकटवायच्या रंगीत कागदांचं दुकान, कॉम्प्युटरवर कापलेले वाघ, मोर, देव, ढिगानं टांगलेले. घर मात्र होतं तिथंच होतं. दारात गौरम्मा तुरी पाखडत बसली होती, केस पार पांढरे झालेले. त्याच्या खांद्यावरची सरकारी छापाची पिशवी बघून तिनं मान वर न करताच सांगून टाकलं, "आमची गणती झालीया, ऐतवारीच झाली. घरात दोगंच, आन् शेळी एक. शेळी लिवली न्हाई त्येनं."

"अक्का, मी गणतीवाला नाही," योगीराज म्हणाला. मग त्याला आठवलं की आपण गणतीवालाच आहोत. "म्हणजे हाय, पण त्यासाठी न्हाई आलो. अण्णा हायत का?"

अण्णा होते. आत अंगणात बाजेवर बसले होते, सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोळ्यांवर मोतीबिंदू काढल्यानंतरचा जाड चष्मा. योगीराज समोर जाऊन उभा राहिला. "अण्णा, मी योगीराज. कमलनगरचा."

वीरण्णानं चष्म्यातून बराच वेळ बघितलं. फाळक्यापुढं रंग लावायच्या आधी बघायचा तसं, घाई न करता. मग म्हणाला, "राग गेला का?"

"कुणाचा, अण्णा?"

"तुजा. दुसरा कुणाचा? अठरा वर्षं झाली. आता गेला आसंल म्हून इचारायलोय."

 योगीराज समोरच्या स्टुलावर बसला. वीरण्णा बोलतच होता, तसंच अर्धं-अर्धं, शेवटी स्वर चिकटवत, आणि त्याच्याकडे न बघता तुळशीच्या कुंडीकडे बघत. "चूक माजी हुती. त्या हैदराबादच्या शेठनं इचारलं, हा पोरगा कोण. नोकरा म्हणावं तर तू नोकरा न्हाई. शिष्या म्हणावं तर मी कुठला गुरू? तोंडाला आलं ते बोललो, साकु मगा. तुला इचारल्याबिगर. तुज्या बापाला इचारल्याबिगर. तुजा बाप जित्ता, मेंढरं हायत, शेत हाय, आन् मी चारचौगांत म्हणायलोय माजा पोर! तू ब्रशा ठिवलास आन् गेलास. बरोबर केलंस. म्या तिसऱ्या दिवशी कमलनगरला निघालो, पाया पडावं तुज्या बापाच्या, म्हणावं चुकलं. भालकीला उतरलो आन् मागारी आलो. तोंड झालं न्हाई."

तर असं होतं. भालकीपर्यंत एक रडत गेला होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याच भालकीपर्यंत दुसरा शरमेनं गेला होता, आणि दोघंही पुढे अठरा वर्षं आपापल्या चुकीला पाणी घालत बसले होते. योगीराजला वाटलं, आपण मोठ्यानं ओरडू. तो म्हणाला, "अण्णा, मला राग आलाच न्हाई वो. मला वाटलं तुम्ही मला जा म्हणालात. साकु. मगा. पुरे, मग. तुम्ही मगला मगा म्हणायचा की!"

वीरण्णाला ते लगेच उमगलं नाही. त्यानं ओठ हलवत दोन्ही म्हणून बघितलं, योगीराजनं बसमध्ये बघितलं होतं तसंच. आधी समजलं ते दारातल्या गौरम्माला. तिचं सूप हातातच राहिलं. "अय्यो शिवने," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती थांबेचना. "दोन डोस्की आन् एक बी शाणं न्हाई! कामून इचारलं न्हाई रे एकमेकाला? तोंडं काय भाड्यानं दिल्ती?" मग वीरण्णाच्या लक्षात आलं. तो हसला नाही. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मगा... हाकललं न्हाई म्या तुला," तो म्हणाला, स्वतःलाच सांगितल्यासारखं. "न्हाई, अण्णा." "आन् तू बी रागानं गेला न्हाईस." "न्हाई." "बरं झालं," वीरण्णा म्हणाला. "लई बरं झालं." एवढंच, पण त्याचे खांदे खाली आले, आणि योगीराजला दिसलं की आपल्यापेक्षा मोठं ओझं बहुतेक या माणसाच्या पाठीवर होतं.

चहा आला. योगीराजनं कप तोंडाला लावला आणि त्याच्या ध्यानात आलं की विचारायचं ते अजून राहिलंच आहे. मुलगा म्हटलं, हे खरं. पण मुलगा म्हटल्यानं हात चांगला आहे असं थोडंच होतं? त्या दिवशी कपाळाला आठी होती, ती काय होती? हे विचारायचं त्याला धाडस होईना आणि न विचारता उठवेना. ज्या एका माणसाच्या शब्दाची त्यानं इतकी वर्षं भीती बाळगली होती तो समोर बसून बशीत चहा ओतत होता. आज नाही विचारलं तर पेटीतली पन्नास चित्रं जन्मभर तशीच राहणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. "अण्णा," तो शेवटी म्हणाला, "आन् वाघ कसा होता?"

"वाघ?" वीरण्णानं बशी खाली ठेवली. "वाघा वाईट हुता की."

तोंडाशी नेलेला कप योगीराजनं तसाच खाली घेतला.

"लई वाईट हुता," वीरण्णा म्हणाला, आता त्याच्या आवाजात जान आली होती. "तापा आलेल्या मांजरागत. म्या तुला तेच सांगायचं म्हून हुबा हुतो, तेवढ्यात शेठ आला मदी."

"मग, वाईट होता तरी, तुम्ही शेठला..."

"वाघ वाईट हाय म्हून पोर टाकून देत्यात व्हय?" वीरण्णाला प्रश्नच समजला नव्हता. "पयला वाघ हुता. पयला वाघ वाईटच आसतो. माजा तर गाढवावाणी हुता, मालकानं त्येच्यावर निळा रंगा मारला."

 आयुष्यभर योगीराजला वाटत आलं होतं की यातलं एकच काहीतरी खरं असू शकतं: चांगले असाल तर राहाल, वाईट असाल तर जाल. वाघ वाईटही होता आणि तो घरचाही होता, हे इतकं साधं दोन गोष्टींचं एकत्र असणं त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे वाईट हा शब्द ऐकून त्याला दुखलं नाही. उलट, अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाबद्दल खरं बोलत होतं. शाळेत हेडमास्तर म्हणत, सुंदर. पंधरा ऑगस्टला त्यानं फळ्यावर काढलेले पुढारी बघून पाहुणे म्हणत, फार सुंदर. तो स्वतः पोरांना म्हणत होता, छान. कुणीच कुणाच्या चित्राकडे बघत नव्हतं. हा म्हातारा मात्र न दिसणाऱ्या वाघाकडेही अजून बघत होता.

"काय वाईट होतं त्यात?" त्यानं विचारलं.

"डोळं," वीरण्णा ताबडतोब म्हणाला. "फाळक्यावरचा वाघा कुणाकडं बघतो? मागच्या गाडीवाल्याकडं. आरं, जवळ येऊ नगं म्हणतो. तुजा वाघा तुज्याकडं बघायलता. मी बरा हाय का, मी बरा हाय का, असं तुलाच इचारायलता. वाघानं कुणाला इचारायचं आसतंय व्हय?"

आणि इथं योगीराजला हसू फुटलं. असं फुटलं की कप हिंदकळला आणि चहा पँटवर सांडला. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गौरम्मा विचारत होती काय झालं, आणि त्याला सांगता येत नव्हतं. खरंच की, तसंच बघत होता तो वाघ. तो वाघ, ती पाय नसलेली बाई, ते फळ्यावरचे पुढारी, सगळे मान वळवून त्याच्याकडेच बघत आले होते, आणि तो त्यांच्याकडे. जरा श्वास लागल्यावर त्यानं विचारलं, "आन् मग काय केलंत त्याचं?"

"काय करायचं? मिशा अर्ध्या हुत्या, तसाच गेला. शेठला लई आवडला." वीरण्णानं हात झटकला. "शेठला काय कळतंय!"

योगीराजनं डोळे पुसले. स्टूल ओढून त्यानं बाजेला अगदी लागून घेतलं. इतकं मोकळं त्याला कधी वाटलं होतं ते आठवत नव्हतं. "आणखी काय काय वाईट होतं, अण्णा?"

वीरण्णानं पाय वर घेऊन मांडी घातली, तंबाखूची डबी काढली, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"लई हुतं," तो म्हणाला. "तुजी बस किती वाजता हाय?"